खंडेनवमी आणि आयुधदान

॥ श्रीगणेशाय नमः ॥



आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. त्या दिवशी शस्त्रांची पूजा करायची, हे आपल्याला आजी-आजोबांनी सांगितलेले असते. पण आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत शस्त्र कुठून येणार? मग ज्याचे जे साधन, तेच त्याचे आयुध असे आपण ठरवून टाकले. सुतार करवत-रंधा मांडतो, शिंपी कात्री मांडतो, शेतकरी विळा-कोयता धुऊन ठेवतो, कारखान्यात लेथला हार घालतात. नईमच्या आमच्या घरी देवीपुढच्या पाटावर माझा स्टेथोस्कोप असतो, शेजारी मुलाचा लॅपटॉप आणि सौ.चे पुरणयंत्र. हळद-कुंकू तिघांनाही सारखेच. लॅपटॉपवर अक्षता टाकताना मुलगा दरवर्षी कासावीस होतो, ती गोष्ट वेगळी.

ही पूजा मला फार आवडते. कारण तिच्यात आपण देवाकडे काही मागत नाही. ज्याच्या जोरावर पोट भरते, त्या वस्तूपुढे वर्षातून एकदा हात जोडतो, एवढेच. पण पूजेच्या पुढे एक पायरी आहे, आणि आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे. आपले साधन दुसऱ्याच्या हाती देणे, तेही ऐन गरजेच्या वेळी. याला मी आयुधदान म्हणतो. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान, रक्तदान हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. हा त्यांचाच धाकटा भाऊ समजा.

दसऱ्याला आपण शमीची आठवण काढतो. पांडव अज्ञातवासाला निघाले तेव्हा त्यांनी आपली धनुष्ये, खड्गे बांधून स्मशानाजवळच्या एका शमीवृक्षावर ठेवली, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत टांगले. वर्ष सरत आले. कौरवांनी विराटाच्या गायी वळवल्या. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन राजपुत्र उत्तराला घेऊन त्या झाडाखाली आला व म्हणाला, वर चढ आणि ते गाठोडे खाली काढ. उत्तर कचरला. वर प्रेत आहे, त्याला हात लावून मी विटाळू का, असे त्याचे म्हणणे. अर्जुनाने समजावले, तिथे बांधलेली धनुष्ये आहेत, भिऊ नकोस. मग तो चढला.

आपण या कथेत नेहमी अर्जुनाकडे पाहतो. मला मात्र २०२० सालापासून उत्तराचे फार कौतुक वाटू लागले आहे. काही वेळापूर्वीपर्यंत अंतःपुरात बढाया मारणारा हा पोरगा, रणांगण दिसताच पळत सुटलेला; पण विटाळाची भीती बाजूला सारून झाडावर चढला तोच. तो चढला नसता, तर गांडीव झाडावरच राहिले असते.

बहरीनमध्ये कोविडचा पहिला रुग्ण सापडला २४ फेब्रुवारी २०२० रोजी. महिन्याभरात भारतातही देशभर टाळेबंदी लागली. त्या दिवसांत आम्हा डॉक्टर मंडळींची पहिली अडचण औषधांची नव्हती. या रोगावर त्या वेळी खात्रीचे औषधच नव्हते. अडचण होती ती रुग्णाच्या आणि आपल्या तोंडामध्ये काहीतरी आडोसा असण्याची. मास्क तुटवड्याने मिळत. चेहऱ्यावर धरायची पारदर्शक ढाल, जिला सगळे फेस शील्ड म्हणू लागले, ती तर कित्येक रुग्णालयांतून कधी मोठ्या संख्येने लागलीच नव्हती. कारखाने दूरच्या देशांत, विमाने जमिनीवर, आणि प्रत्येक देशाला तीच वस्तू त्याच आठवड्यात हवी.

आणि त्याच वेळी जगभरच्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, स्थापत्यशास्त्रज्ञांच्या कचेऱ्यांत, हौशी तरुणांच्या खोल्यांत थ्री-डी प्रिंटर, लेझर कटर ही यंत्रे स्वस्थ बसून होती. संस्थाच बंद म्हटल्यावर यंत्रेही बंद. शमीवर बांधलेली आयुधेच ती!

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. थ्री-डी प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकच्या तारेचे रीळ असते. ती तार वितळवून यंत्र एकावर एक थर देत जाते, आपण चकलीच्या सोऱ्याने पीठ पाडतो तसे, आणि हवी ती वस्तू उभी करते. लेझर कटर किरणाने पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तक्ता हव्या त्या आकारात कापतो. फेस शील्डला लागते ती कपाळावर बसणारी एक पट्टी आणि समोर एक पारदर्शक तक्ता. मला मिळालेल्या पहिल्या शील्डचा तक्ता म्हणजे आपण पूर्वी व्याख्यानांत ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचो तोच पारदर्शक कागद होता. दवाखाना संपला की साबणाच्या पाण्याने धुऊन खिडकीशी वाळत घालायचो. दिसायला अगदी ओबडधोबड. पण रुग्ण समोर खोकला की थेंब तिच्यावर थांबत, माझ्या डोळ्यांत जात नसत.

मार्च २०२० मध्येच चेक प्रजासत्ताकातील प्रुसा या प्रिंटर बनवणाऱ्या मंडळींनी शील्डचा आराखडा सर्वांसाठी खुला करून टाकला. कुणीही घ्यावा आणि छापावा. इटलीत ब्रेशियाजवळच्या कियारी गावातल्या रुग्णालयात श्वासाच्या यंत्राला लागणारी एक छोटी झडप संपली होती, पुरवठादाराकडेही नव्हती. इसिनोव्हा नावाच्या एका लहान कंपनीच्या लोकांनी आपला प्रिंटर उचलून थेट रुग्णालयात नेला, नमुन्याची झडप पाहून आराखडा काढला आणि तिथेच ती छापली. शंभराच्या आसपास झडपा त्यांनी लगोलग करून दिल्या.

आपल्या मुंबईत अंधेरीला मेकर्स असायलम नावाची एक जागा होती. वैभव छाब्रा यांनी २०१३ साली सुरू केलेली. ज्याला हाताने काही बनवायचे आहे त्याने यावे, तिथली अवजारे वापरावीत, एकमेकांचे पाहून शिकावे. टाळेबंदीच्या सुमारास या मंडळींनी एम-१९ नावाची एक साधी, झटपट जुळणारी शील्ड तयार केली आणि तिची कृती स्वतःकडे न ठेवता देशभरच्या आपल्यासारख्याच कार्यशाळांना वाटून टाकली. माल गावोगावी पाठवणे टाळेबंदीत शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक गावाने आपल्यापुरते आपण करायचे. ४२ गावे-शहरे त्यात आली आणि ४९ दिवसांत दहा लाख शील्ड तयार होऊन डॉक्टर, परिचारिका, पोलीस यांच्या हाती गेल्या. हा आकडा मी कुठेही सांगितला की माणसे विचारतात, त्यांच्यामागे कोण उद्योगपती होता? मला ज्याचे महत्त्व वाटते ते वेगळेच आहे. प्रत्येक गावात कुणीतरी आपले यंत्र दिले म्हणून हे झाले. कुणी कार्यशाळेची किल्ली दिली, कुणी दारात आलेल्या रिळांचे पैसे दिले. जगभर अशीच गत झाली. महाविद्यालयांनी आपले प्रिंटर विद्यार्थ्यांच्या घरी पोचवू दिले, आणि त्यासाठी कुलूप उघडायला कुणातरी सहायकाला, शिपायाला, रस्ते ओस पडलेले असताना, घरच्यांचा जीव टांगणीला लावून जावे लागले. तो झाडावर चढलेला उत्तर.

आता यंत्र देणे आणि पैसे देणे यात मोठा फरक आहे. पैसे दिले की आपण मोकळे. तयार वस्तू दिली तर तिचा फोटो निघतो, हातात हात घेऊन. यंत्र दिले की ते दुसऱ्याच्या हाती जाते. तो ते कसे वापरील, बिघडवील का, परत देईल का, काही आपल्या ताब्यात राहत नाही. आणि त्यातून जे निपजेल त्यावर नाव बनवणाऱ्याचे येते. देणाऱ्याचे नाव कुठेच नाही. म्हणूनच हे दान अवघड.

आपल्या परंपरेत याचे सर्वांत मोठे उदाहरण दधीचींचे. वृत्रासुराने देवांना जेरीस आणले. कुठल्याही शस्त्राने तो मरेना. तेव्हा देवांना सांगितले गेले, दधीची ऋषींकडे जा आणि त्यांच्या अस्थी मागा. दधीचींनी देह ठेवला. भागवताच्या सहाव्या स्कंधात ही कथा आहे, आणि तिथे एक तपशील येतो त्याकडे आपले लक्ष कमी जाते. दधीचींनी वज्र दिले नाही. त्यांनी अस्थी दिल्या. त्या अस्थींतून वज्र घडवले विश्वकर्म्याने, आणि चालवले इंद्राने. म्हणजे देणारा एक, घडवणारा दुसरा, वापरणारा तिसरा. पुढे वज्र म्हटले की इंद्र आठवतो. कारागिराचे नाव सांगायला थांबावे लागते. दधीचींनी अट घातली नाही की वज्रावर माझे गोत्र कोरा.

दुसऱ्या काही पुराणांत आणखी एक पदर आहे. देवांनी म्हणे एकदा आपली शस्त्रे दधीचींच्या आश्रमात ठेव म्हणून ठेवली आणि नंतर ते फिरकलेच नाहीत. पडून पडून शस्त्रांचे तेज ओसरू लागले, तेव्हा दधीचींनी ते तेज पाण्यात उतरवून प्राशन केले, म्हणून त्यांच्या अस्थींत ते बळ आले. ठेवून दिलेल्या साधनाचे तेज जाते, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ही कथा एका नवरात्रात मी सांगत असताना आपल्यातल्याच एक ज्येष्ठ काकू मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, दधीचींच्या बायकोला विचारलं होतं का हो कुणी?" सभेत हशा पिकला. पण काकूंचा प्रश्न शास्त्राला धरून होता! त्याच पुराणांत सांगितले आहे की पत्नी आश्रमात नसताना देव आले आणि कार्यभाग उरकून गेले. ती परतली तेव्हा सगळे संपले होते. तिने देवांना शाप दिला, पोटचे बाळ पिंपळाच्या हवाली केले आणि स्वतः अग्निप्रवेश केला. ते बाळ म्हणजे पिप्पलाद. देवांच्या विजयाच्या कथेला ही बाजूही आहे, आणि पुराणकारांनी ती लपवलेली नाही.

२०२० मध्ये ज्या घरांत जेवणाच्या टेबलावर प्रिंटर रात्रंदिवस चालला, तिथे वितळलेल्या प्लॅस्टिकच्या वासात मुले झोपली. ज्याने आपल्या छोट्या कार्यशाळेतले यंत्र दिले, त्याच्या यंत्राचे हप्ते चालूच होते. दाता एक दिसतो. त्याच्यामागे घर असते. म्हणून काकूंना मी त्या दिवशी म्हटले ते इथेही लिहितो: आपल्या परंपरेत संकल्प सोडताना पत्नीचा हात पतीच्या हाताला लावायचा असतो, तो उगाच नव्हे.

आता जरा मागे जाऊ या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, सरकारने बोलावला म्हणून मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत लस बनवू लागला. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे आणि त्यांना धरून जंतू वाढवायचे, ही त्याची युक्ती. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. पण एका खोलीत किती लस होणार? तेव्हा इस्माइली खोजा समाजाचे प्रमुख, तिसरे आगाखान, जेमतेम विशीतले, पुढे आले. आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून त्यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली, हे पुष्कळांना माहीत असते. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी केली. आपल्या मालकीचा एक भला मोठा वाडा हाफकिनला प्रयोगशाळेसाठी देऊन टाकला. सुमारे दोन वर्षे तिथे काम चालले. मग सरकारची खात्री पटली आणि १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाले. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. हे नाव १९२५ सालचे.

ज्यू संशोधक, मुस्लिम धर्मगुरूचा वाडा, आणि लस टोचून घेणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची मुंबई. मनामाच्या बाजारात श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षांहून अधिक काळ ज्या भूमीत नांदते आहे, तिथे बसून ही गोष्ट सांगताना मला निराळाच आनंद होतो. त्या वाड्यात कुणाची पूजा होते असे हाफकिनने विचारले नसणार, आणि तिसऱ्या आगाखानांनी त्याला त्याचा धर्म विचारला नसणार. पाहिले एवढेच असणार की याच्या हाताला बनवता येते, आणि याला जागा कमी पडते आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाच्या कसोट्या आपण ऐकल्या आहेत: देणे कर्तव्य आहे म्हणून द्यावे, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला द्यावे, आणि देश, काल व पात्र पाहून द्यावे. पात्र म्हणजे सज्जन, गरजू, असा अर्थ आपण करतो. आयुधदानात पात्राचा अर्थ अधिक कडक आहे. ज्याला ते आयुध चालवता येते तो पात्र. डॉक्टर म्हणून याबाबत मी थोडा खडूस आहे. २०२० मध्ये उत्साहाच्या भरात पुष्कळांना वाटले की व्हेंटिलेटरही घरी बनतील. मी अशा प्रत्येकाला नम्रपणे थांबवायचो. शील्ड वाकडी झाली तर फेकून देता येते. व्हेंटिलेटरचा दाब चुकला तर रुग्णाचे फुप्फुस फाटते. शील्डसुद्धा मास्कच्या जागी चालत नाही, ती मास्कच्या जोडीला असते. कडेने येणारी हवा ती अडवत नाही. कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये हे ज्याला कळते, त्याच्याच हाती आयुध द्यावे.

आणि देऊन झाल्यावर? २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा गरीब देशांतल्या रुग्णालयांतील एक लाखाहून अधिक उपकरणांची मोजदाद त्यात होती. त्यांपैकी ३८ टक्के बंद पडलेली होती. ती सगळी दानाची नव्हती, पण दिलेल्या यंत्रांचे काय होते ते त्यावरून कळावे. सुटा भाग मिळत नाही, वीज निराळी, चालवणारा बदलून गेला, माहितीपुस्तक कळत नाही.

हे मी परक्यांविषयी बोलत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतात दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली, ती आपण इथून रात्री-रात्री फोन धरून पाहिली आहे. बहरीनमधून द्रवरूप प्राणवायूच्या दोन मोठ्या टाक्या घेऊन आयएनएस तलवार ही युद्धनौका ५ मे २०२१ रोजी नवे मंगळूर बंदरात पोचली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांचे डोळे भरून आले होते. त्याच दिवसांत आखातातल्या मराठी घरांनी आपापल्या गावी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवले. कुणी ग्रामपंचायतीला, कुणी देवस्थानाला, कुणी शाळेच्या खोलीतल्या विलगीकरण केंद्राला. उत्तम काम झाले, माणसे वाचली. आता मला विचारायचे आहे की ती यंत्रे आज कुठे आहेत?

कॉन्सन्ट्रेटर म्हणजे प्राणवायूची टाकी नव्हे, तो प्राणवायू बनवणाराच आहे. आपल्या भोवतीच्या हवेत प्राणवायू २१ टक्के. यंत्र ती हवा दाबाने झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांतून नेते. दाणे नत्रवायू धरून ठेवतात आणि पलीकडे ९० टक्क्यांच्या वर प्राणवायू निघतो. या दाण्यांचा एक शत्रू आहे, ओलावा. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले, त्यातून कोकणातला पावसाळा गेला, की दाणे ओल धरतात. मग बटण दाबल्यावर दिवा लागतो, आवाज येतो, नळीतून हवाही येते, पण तिच्यात प्राणवायू पुरेसा नसतो. नातेवाइकांना वाटते, यंत्र चालू आहे. दधीचींच्या आश्रमातल्या शस्त्रांचे तेज गेले होते ते असे.

महामारी संपली तरी या यंत्रांची गरज संपलेली नाही. तालुक्याच्या गावी दम्याचे, सीओपीडीचे, फुप्फुसे निबर झालेले रुग्ण आहेतच. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्या आज्या-मावश्या त्यांत आहेत. त्यांना घरी दिवसाचे पंधरा-सोळा तास प्राणवायू मिळाला तर त्या हिंडू-फिरू शकतात, आणि यंत्र मात्र देवळाच्या अडगळीच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगाआड.

म्हणून यंदा सुट्टीवर गावी जाल तेव्हा, किंवा त्याआधी फोनवरून, एवढे करावे. आपण किंवा आपल्या ओळखीच्यांनी पाठवलेले यंत्र कुठे आहे ते शोधावे. मागचा गाळणीचा स्पंज काढून धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावा. अर्धा तास चालवून मग नळीतून येणाऱ्या हवेतला प्राणवायू ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने मोजून घ्यावा. वैद्यकीय उपकरणांच्या दुकानदाराकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडे तो असतो. बरे भरले तर महिन्यातून एकदा तरी थोडा वेळ यंत्र चालवायला कुणाला तरी नेमावे. आकडा ८५ च्याही खाली आला तर ते रुग्णाला लावू नये. दाण्यांचे नळकांडे बदलता येते, खर्च किती ते विचारावे. आणि गावात चालवणारे कुणीच नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा विश्वासातल्या डॉक्टरकडे ते देऊन टाकावे. त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर देण्यापूर्वी ती काढावी, आणि तिथे यंत्र धुण्या-पुसण्याची जबाबदारी कुणाची, त्याचे नाव व फोन नंबर लिहून लावावा.